तीन हंडे पाणी

परसबाग शिकवायला मी जव्हारच्या पाड्यांवर जाऊ लागले तेव्हा पिशवीत बियाण्यांची पाकिटं होती आणि गोल बागेचा एक रंगीत तक्ता. तक्त्यावर सात वाफे, सात वार. सोमवारी पालक, मंगळवारी माठ. समोर बसलेल्या बायका डोंगरउतारावर नागली-वरईची आवणी करणाऱ्या. बी किती खोल टोकायचं, हे मी त्यांना सांगत होते आणि त्या निमूट ऐकून घेत होत्या. पाहुण्याला मध्येच तोडत नाहीत.

"आणि रोज पाणी घालायचं," मी म्हणाले. तेव्हा मात्र मागून एका आजीनं विचारलं, "कोनाच्या डोक्यावरनं?"

हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा केला. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा. उन्हाळ्यात त्यातून रोज चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे चाळीसेक लिटर. तीन हंडे. जव्हारला पाऊस भरपूर, पण उतारावरून तो येतो तसा निघून जातो आणि फाल्गुनापासून विहिरींचे तळ दिसू लागतात. त्या तळातून भरलेले तीन जास्तीचे हंडे घेऊन एका बाईनं रोज चढण चढायची, एका जुडीसाठी. त्या चढणीत तिचं जेवढं अन्न जिरेल, ते माझ्या तक्त्यात कुठंच धरलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षीच्या बागांचं काय झालं ते थोडक्यात सांगते. काही कोंबड्यांनी उकरल्या, काही शेळ्यांनी खाल्ल्या. उरलेल्यांची माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून गेली. अहवालात मात्र सगळ्या बागा हिरव्यागार, कारण फोटो ऑगस्टमधले होते. ऑगस्टमध्ये जव्हारात कौलांवरही उगवतं!

आणि ऑगस्टमध्ये माझ्या पालकाची गरज तरी कुणाला होती? पहिल्या पावसाला शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. धान्याची कणगी तेव्हा रिकामी असते हे खरं, पण पालेभाजी रान देतं. भाजीचा खरा खडखडाट होळीपासून मृगापर्यंत, म्हणजे नेमका पाणी नसण्याचा काळ. हे कळायला मला दोन वर्षं लागली. आजीला ते जन्मापासून ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता मी पाड्यावर गेले की आधी न्हाणीमागे जाते. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी कुठून वाहतं ते पाहते. साबण असेल तर ते दगडगोट्यांच्या खड्ड्यातून जिरवायचं आणि पुढे केळ, अळू. उन्हाळ्यासाठी शेवगा. एकदा मूळ खोल गेलं की तो हंडा मागत नाही, आणि शेंगा नसल्या तरी पाला मिळतो. मनगटाएवढा जाड फाटा रोवायचा, पण सपाट जागी नाही. मी रोवले होते. इथल्या पावसात ते बुडाशी कुजले, हाताने ओढले तर गाजरासारखे वर आले. गुडघाभर मातीचा उंचवटा करून त्यावर लावलेले जगले. पपईचंही तेच. वाल भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. वाळवून ठेवला की चैत्रात कालवणाला होतो. आणि या सगळ्याच्या आधी वई. काट्यांची वई नसेल तर बाग शेळीची.

परसबागेनं पोट भरतं असं कुणी म्हणालं तर मी आता वाद घालते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या शिफारशीत माणशी रोज 400 ग्रॅम भाजी आहे. पाच माणसांच्या घराला दोन किलो. एवढं दहा फुटांच्या वाफ्यातून निघत नाही. आणि भूक भाजीनं मिटत नाही. त्यासाठी रेशनचं धान्य हवं, हाताला गावातच काम हवं. 1992 मध्ये वावर-वांगणी या गावांतल्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं, तेव्हापासून इथं बरंच काही वाटलं गेलंय. माझी पाकिटं त्यातलीच. संकरित बी, पुढच्या वर्षी धरायला गेलं तर मूळ झाडासारखं येत नाही, पुन्हा पाकीट. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती घरचं बी सांभाळल्याबद्दल. आमच्या आजीकडेही वाल राखेत घोळून ठेवलेला असतो, वाळल्या भोपळ्यात.

मागल्या जूनमध्ये तिच्या सुनेकडे गेले. माणसं भट्टीवरून नुकतीच परतली होती. दाराला सहा महिने कुलूप, न्हाणीला थेंब नाही, अळूचं एक पान शिल्लक नव्हतं. मी काही बोलायच्या आत आजीनं पायानं माती सारली. खाली कांदे जिवंत होते, दोनांना कोंब फुटलेले.

"हाबी भट्टीवं गेलता," ती म्हणाली, आणि माती पुन्हा ओढून घेतली.