कोरड्या ओढ्यांनी घडवलेलं पाणी

नदीत पुढचा खळाळ कुठे येणार हे दोन वळणं आधी ओळखता येतं! पाणी दिसायच्या आधी, त्याचा आवाज कानावर यायच्याही आधी. नजर फक्त दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ठेवायची. कुठे भिंत फाटलेली दिसली, एखादी घळ वरून उतरत येताना दिसली, मग ती ठणठणीत कोरडी का असेना, तिच्या तोंडाशी रॅपिड, म्हणजे असा खळाळ, असायची दाट शक्यता. ग्रँड कॅन्यनमधून, कोलोरॅडो नदीवरून राफ्टने आल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. इतकी सुंदर गोष्ट मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितली कशी नाही?

ग्रँड कॅन्यन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरून काढलेला फोटो येतो. कठड्यापाशी उभं राहायचं, खाली जवळजवळ दीड किलोमीटर खोल बघायचं, तळाशी कुठेतरी एक हिरवट दोरा दिसतो, ती नदी. फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं, ताईनं, हट्टच धरला होता की वरून बघायचं नाही, त्या दोऱ्यावरून जायचं. ॲरिझोनातल्या लीज फेरीला राफ्ट पाण्यात उतरतात. तिथे शून्य मैल. पुढचं सगळं जग मैलांत मोजलं जातं. गाव नाही, पूल जवळपास नाहीत, फोनला रेंज नाही. कॅन्यनची नदीकाठची लांबी २७७ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर, आणि आम्ही २२६व्या मैलावर डायमंड क्रीकला बाहेर पडणार होतो.

पहिला मोठा रॅपिड आठव्या मैलावर, बॅजर क्रीक. लांबून नुसती घुमणारी गाज येत होती आणि नदी मात्र समोर एका रेघेवर संपलेली दिसत होती. रेघेच्या पलीकडे काहीच नाही, मधूनच पांढरे शिंतोडे वर उडत होते. माझे डोळे त्या शिंतोड्यांवर खिळलेले. आमची गाईड वल्ही आडवी धरून शांतपणे म्हणाली, "पाण्याकडे नंतर बघ. आधी उजवीकडचा ओढा बघ. आता डावीकडचा बघ." दोन ओढे, अगदी समोरासमोर, दोन्ही कोरडे. आणि दोघांच्या तोंडापासून धोंड्यांचे ढिगारे नदीत घुसलेले. नदी त्या दोन ढिगाऱ्यांच्या मधे चेपली जात होती. वरच्या बाजूला पाणी तुंबून डोह झालेला, आणि मधल्या अरुंद फटीतून ते सगळं पाणी एकदम सुटत होतं. एवढंच! दोन ओढ्यांनी दोन बाजूंनी दगड आणून टाकले, म्हणून रॅपिड. मी हे समजून घेऊन "अगं ताई..." एवढंच म्हटलं आणि तोंडात पाणी गेलं.

पुढे बघावं तिथे तेच. डोह, खळाळ, डोह, खळाळ. ल्यूना लिओपोल्ड या भूशास्त्रज्ञानं १९६९मध्ये दाखवून दिलं की इथली नदी आपली निम्मी उंची एकूण लांबीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी अंतरात गमावते. बाकी सगळा वेळ ती जवळजवळ सपाट वाहते. बरेचसे रॅपिड ओढ्यांच्याच नावानं ओळखले जातात, सोप क्रीक, हॉर्न क्रीक, क्रिस्टल. नकाशा बघितला तरी कळतं की बाजूच्या ओढ्यांनीच ही नदी घडवली.

आणि इथेच ती गोष्ट आहे जिनं मला अक्षरशः वेड लावलं. हे धोंडे खाली येतात कशामुळे? वाळवंटामुळे! आपल्याकडे डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा माती, गवत, झाडी त्यातला बराचसा धरून ठेवतात. इथे उतारावर धरणारं काहीच नाही. उन्हाळ्याच्या शेवटी एखादा ढग फुटतो, सगळं पाणी उघड्या खडकावरून एकाच घळीत धावतं, वाटेतला चिखल आणि दगड उचलतं आणि घराएवढे धोंडे ढकलत खाली येतं. काही तासांत सगळं संपतं आणि ओढा पुन्हा कोरडा. वर्षातले बहुतेक दिवस ज्यात थेंब नसतो, तो ओढा एवढ्या मोठ्या नदीला वळण लावून जातो. ९८व्या मैलावरचा क्रिस्टल बघा. डिसेंबर १९६६पर्यंत तो साधा, फार कोणी न घाबरणारा रॅपिड होता. त्या महिन्यात वादळ झालं, क्रिस्टलच्या ओढ्यातून दगडमातीचा लोंढा आला आणि एका दमात तो कॅन्यनमधल्या सगळ्यांत धाक बसवणाऱ्या रॅपिडपैकी एक झाला. माझ्या आईवडिलांच्या हयातीत जन्मलेला रॅपिड! भूगोल म्हणजे लाखो वर्षांची कामं, असं मी धरून चालले होते.

मग पाणी वाचायला शिकायचं. यात मी दिवसच्या दिवस घालवले आणि अजून पोट भरलेलं नाही. रॅपिडच्या तोंडाशी गुळगुळीत, काळपट हिरव्या पाण्याचा एक त्रिकोण दिसतो, टोक खालच्या दिशेला. गाईड लोक त्याला टंग म्हणतात. सगळ्यांत खोल, मोकळं पाणी तिथे. त्याच्या टोकापासून लाटांची रांग लागते. या लाटा समुद्रासारख्या पुढे जात नाहीत! त्या जागच्या जागी उभ्या असतात आणि पाणी त्यांच्यातून वाहत जातं. एखादी मोठी लाट सकाळी जिथे तिथेच संध्याकाळी. आणि होल. बुडालेल्या धोंड्यावरून पाणी खाली कोसळतं, तळाशी जातं, आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं, वरच्या दिशेनं, त्या खड्ड्यात परत येऊन पडत राहतं. वरून बघितलं तर तिथे पाण्याचा नुसता फुगवटा दिसतो, मागे काय आहे ते दिसत नाही. शांत, गोल, निरुपद्रवी फुगवटा दिसला की सावध व्हायचं! बाजूला एडी, म्हणजे काठालगतचा उलटा प्रवाह, जो तुम्हाला आरामात पुन्हा रॅपिडच्या तोंडाशी नेऊ शकतो.

वल्हवणारा माणूस इथे तोंड खालच्या दिशेला करून बसतो, संकटाकडे बघत, आणि वल्ही स्वतःकडे ओढून नाव संकटापासून लांब नेतो. हे आता इतकं उघड वाटतं, पण जॉन वेस्ली पॉवेलच्या माणसांना ते माहीत नव्हतं. १८६९मध्ये पॉवेल नऊ जण आणि चार होड्या घेऊन या कॅन्यनच्या दिशेनं निघाला तेव्हा वल्हवणारे रॅपिडकडे पाठ करून बसत! अमेरिकेच्या यादवी युद्धात शायलोच्या लढाईत पॉवेलचा उजवा हात गेला होता, तरी तो एका हातानं कडे चढून पुढची नदी बघून यायचा. शेवटाकडे त्याचे तीन सोबती आणखी एक भयंकर रॅपिड नको म्हणून कॅन्यन चढून निघून गेले, ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. उरलेले दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले. नाव उलटी वळवून संकटाला सामोरं बसायची रीत नॅथॅनिएल गॅलोवे नावाच्या यूटामधल्या फासेपारध्यानं १८९०च्या दशकात रुळवली. एवढी साधी गोष्ट, आणि तिनं सगळी नदी बदलली! १९३८मध्ये एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ बायका इथून गेल्या, हा प्रवास पुरा करणाऱ्या पहिल्या स्त्रिया, आणि वाटेत काठावरच्या वनस्पती गोळा करत गेल्या. रोज संध्याकाळी वाळूवर आडवी होऊन मी त्यांचाच विचार करत होते. दिवसभर असं पाणी अंगावर घेऊन संध्याकाळी पानं दाबून ठेवायची!

पाण्याबद्दल आणखी एक. ही नदी रात्रीतून चढते-उतरते. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३पासून पाणी अडवणारं, आणि विजेची मागणी वाढली की तिथून जास्त पाणी सुटतं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना हे चटकन समजेल. तिथेही भिऱ्याच्या वीजप्रकल्पाचं पाणी सुटतं तेव्हाच राफ्ट चालतात. पण इथे ते चढलेलं पाणी खाली खाली सरकत जातं, त्यामुळे आज तुमच्यापाशी पोचणारी भरती धरणातून केव्हा निघाली याचा हिशेब गाईड मनातल्या मनात करत असतात. रात्री राफ्ट बांधताना तो चुकला तर सकाळी राफ्ट कोरड्या वाळूवर. शिवाय धरणानं मोठे पूर थांबले. पूर्वी बर्फ वितळून येणारा लोंढा ओढ्यांनी टाकलेले बरेच धोंडे पुढे ढकलून द्यायचा. आता ओढे टाकतच राहतात आणि नदीला ते हलवायचं बळ उरलेलं नाही. म्हणजे रॅपिड कठीण होत जाण्याकडेच कल! मला या नदीबद्दल एकाच वेळी प्रचंड आनंद होतो आणि वाईटही वाटतं ते यामुळे.

७७व्या मैलावर हॅन्स रॅपिड ओलांडला आणि भिंती काळ्या झाल्या. हा विष्णू शिस्ट, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा खडक. वर विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी शिखरं आहेत. विष्णू आणि शिव ही नावं क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात दिलेली. ताई त्या गुळगुळीत काळ्या खडकाला हात लावून कितीतरी वेळ उभी होती. आपल्या सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तो मला म्हातारा वाटायचा.

पण सह्याद्रीवाल्यांनो, खरी ओळख पुढे भेटते! १७८व्या मैलाच्या आसपास नदीच्या मधोमध काळ्या बसाल्टचा एक प्रचंड ठोकळा उभा आहे, व्हल्कन्स अ‍ॅन्व्हिल. आणि दोन्ही भिंतींवर लाव्हा ओतलेला दिसतो, थंड होताना षटकोनी खांबांत चिरलेला. हे खांब मी ट्रेकमध्ये शेकडो वेळा बघितलेत! परक्या देशात, वाळवंटाच्या तळाशी, माझ्या घरचा दगड. काही लाख वर्षांपूर्वी कडेवरच्या ज्वालामुखींतून लाव्हा खाली आला आणि त्यानं नदीच अडवली होती. मी राफ्टमध्ये उभी राहून ताईला ओरडून दाखवत होते, आणि गाईड मला खाली बसायला सांगत होती, कारण गाज सुरू झाली होती.

लाव्हा फॉल्स, मैल १७९. नाव लाव्हाचं, पण रॅपिड केला तो शेजारच्या प्रॉस्पेक्ट कॅन्यनमधल्या धोंड्यांनी. पुन्हा ओढा! राफ्ट उजव्या काठाला बांधून आम्ही काळ्या खडकावर चढलो. गाईड मंडळी तिथे गप्प उभी राहून बघत होती, काड्या टाकून, हात हलवून, पुन्हा बघत. मधोमध एक सलग पायरी, तिच्याखाली होल, त्यात जायचंच नाही. त्याच्या उजवीकडे वरच्या पाण्यावर बुडबुड्यांची एक बारीक रेघ वाहत येते. "ती रेघ दिसली? तिच्यावर राहायचं," गाईड म्हणाली. एवढ्या गर्जनेच्या तोंडाशी वाट दाखवायला काय, तर बुडबुडे! वरून दिसणारी रेघ राफ्टमध्ये बसल्यावर दिसते का? नाही. पाण्याच्या पातळीवरून काहीच दिसत नाही. खडकावर पाठ केलेलं आठवून जायचं.

आणि गेलो. गुळगुळीत पाणी, अगदी संथ, वल्ह्याचा एक फटका, बुडबुडे डाव्या हाताला, पायरीचा फुगवटा इतका जवळ की आतला खड्डा दिसला, आणि मग दोन तिरक्या लाटा दोन्ही बाजूंनी एकमेकींवर येऊन आदळतात तिथे आम्ही नाकासकट घुसलो. उजेड गेला. धरणाच्या खोलातून निघालेलं ते गार पाणी छातीवर कोणी पिंपभर ओतावं तसं. वर आलो, श्वास, "हाय साइड!" आणि आम्ही सगळे वर उचललेल्या बाजूवर अंग झोकून दिलं, राफ्ट थरथरली, खाली बसली, समोर काळा धोंडा, गाईड वल्ह्यांवर मागे झुकलेली, धोंडा उजवीकडून सरकत गेला, आणखी एक लाट, आणखी एक, ताई किंचाळतेय, मी किंचाळतेय, आणि संपलं! वीसेक सेकंद. आम्ही एडीत फिरत होतो, राफ्टमध्ये गुडघाभर पाणी, आणि त्या वीस सेकंदांतली प्रत्येक गोष्ट मला वेगवेगळी ओळखता आली होती. ती पायरी, ती रेघ, ती तिरकी लाट. भीती होती, पण गोंधळ नव्हता!

काठावर कपडे पिळताना गाईडनं सांगितलं की १९९५मध्ये प्रॉस्पेक्ट कॅन्यनमधून पुन्हा लोंढा आला आणि नदी इथे आणखी आवळली गेली. तिच्या आधीच्या पिढीतल्या ज्या गाईडनी इथल्या वाटा पाठ केल्या होत्या, त्यांनी मग पुन्हा खडकावर उभं राहून नव्यानं बघितलं.

तेव्हा जा! व्यावसायिक सहली खूप आधी नोंदवाव्या लागतात आणि स्वतःची राफ्ट न्यायची तर नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सोडतीत नाव निघावं लागतं, म्हणून आजच सुरुवात करा. मोटरच्या मोठ्या राफ्ट लवकर पोचवतात, पण वल्ह्यांची निवडा, म्हणजे पाणी वाचायला वेळ मिळतो. ऑगस्टमध्ये ऊन भयंकर असतं, तरी मी ऑगस्टच सांगेन, कारण तेव्हा वादळं येतात, आणि नशीब असेल तर कड्यांवरून लाल पाण्याचे धबधबे सुटताना आणि एखादा कोरडा ओढा दगड घेऊन येताना लांबून, उंचावरून बघायला मिळेल. आणि लाव्हा फॉल्सला राफ्टमध्ये पुढची जागा रिकामी दिसली, तर कोणाला विचारत बसू नका, जाऊन बसा!