चार पाडव्यांचा गडी

सालगडी मिळवणे वेगळे आणि टिकवणे वेगळे, हे आमच्या परतूरकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. गुढीपाडव्याला साल ठरते, उचल दिली जाते, गडी कामाला लागतो. पुढचा पाडवा जवळ आला, की एरवी खेकसणारा मालक एकदम गोड बोलू लागतो. गड्याच्या पोराच्या वह्या-पुस्तकांची चौकशीसुद्धा करतो! त्यात नुसती माया नसते. नव्या गड्याला बैल ओळखू लागेपर्यंत पेरणी उरकलेली असते.

हे आठवण्याचे कारण आमच्या शेजारचे आबा. त्यांचा नातू 2023 साली अग्निवीर म्हणून फौजेत गेला. अग्निपथ योजना काय आहे, ते मी आबांना ओसरीवर बसून समजावले. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी दरमहा तीस हजार. त्यांतले नऊ हजार कापून ठेवायचे आणि शेवटी सरकारची भर घालून पावणेबारा लाखांच्या आसपास हाती द्यायचे. निवृत्तिवेतन नाही. शंभरांतले फार तर पंचवीस कायम होणार, बाकीचे घरी. आबांनी सारे ऐकले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजी गुरुजी, सरकारनं चार पाडव्यांचा गडी ठिवला म्हना की!"

मी हसलो खरा, पण आबांचे बोलणे डोक्यातून जाईना. सरकारचा हिशेबही खोटा नाही. पूर्वीचा शिपाई पंधरा वर्षे भरली, की जन्मभराच्या निवृत्तिवेतनाचा धनी होई. तो बोजा मोठा आहे, आणि फौज तरुण असावी हेही खरे. पण जगातले सेनापती आजवर शिकवून तयार केलेला माणूस राहील कसा याची काळजी करीत आले. इथे चारांतल्या तिघांना जा म्हणायचे, हे आधीच ठरलेले. सालगड्याला पाडव्याच्या दिवशी निदान घासाघीस तरी करता येते.

आमच्याकडे फौजेची परंपरा म्हणावी तशी नाही. इंग्रजांचे भरतीवाले सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी धुंडाळीत. साताऱ्याकडच्या एकट्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली; त्या गावाला पुढे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणू लागले. आम्ही 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे परतूरचा पोरगा फौजेत जातो तो आजोबांची पदके पाहून नव्हे. कापसाचा भाव आणि घरची चार एकर पाहून जातो. गरजेने गेला म्हणून तो कमी प्रतीचा शिपाई ठरतो, असे मात्र मला वाटत नाही. पोटासाठी शिपाई झालेल्यांनीच बहुतेक लढाया लढल्या आहेत.

पोरे पहाटे सडकेवर धावतात, तेव्हा माझे घड्याळ मागून नेतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत! पायांना वेग येतो. पण वय अटीच्या पुढे सरकले, की तो वेग काय कामाचा? 2020 नंतर करोनामुळे भरती थांबली, तेव्हा कितीतरी जणांचे वय असेच निघून गेले. 2022 साली वयाची अट एकदाच तेवीसपर्यंत सैल केली, तीही सगळ्यांना पुरली नाही.

आबांचा नातू उन्हाळ्यात रजेवर आला होता. अंगाने भरलेला, बोलणे मोजके. घरात सोयरिकीची गोष्ट निघाली होती. मुलीकडच्यांनी मानपानाआधी विचारले, "पोरगा त्या पंचवीसांत बसतो का?" आबा गप्प बसले. त्यांना तरी काय ठाऊक? शेजारच्या खाटेवरचा सोबती हाच आपला प्रतिस्पर्धी, हे नातवालाही कळून चुकले आहे.

रजेच्या दिवसांतही तो पहाटे धावायला निघे, आणि इतर पोरे सोळाशेवर थांबत तेव्हा हा पुढेच जाई. एकदा मी विचारले, "अरे, तू तर भरती झालास, आता कशाला?"

"जालन्याला राज्य राखीव पोलीस दल आहे ना, गुरुजी," तो धापा टाकीत म्हणाला, "तिथं पाच किलोमीटर धावावं लागतं."