दातेगडची फेरी

आपल्या व्यापारी घरांत रस्त्याची ओळख बहुधा मालाच्या निमित्ताने होते. कोणत्या घाटात पावसाळ्यात गाडी अडकते, कराडहून निघालेला टेंपो किती वाजता दारात उभा राहतो, भाडे किती वाढले, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. त्या रस्त्याला चढ किती, हे मात्र गाडीच्या इंजिनालाच ठाऊक. सायकलवर बसले की तोच चढ आपल्या गुडघ्यांच्या खात्यावर नावे पडतो. गेली चार वर्षे, चातुर्मास सरून थंडी पडली की मी कोयनानगरहून दातेगडापर्यंत सायकलने जाऊन येतो. सारी मिळून सुमारे 50 किलोमीटरांची ही फेरी. सूर्योदयानंतर निघायचे आणि सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवायचे, असा नेम आहे. गेल्या मार्गशीर्षात या फेरीला माझी लेक सोबत होती. ती पुण्यास सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम करते आणि सुटीत आली होती.

या वाटेचा भूगोल थोडक्यात सांगतो. महाबळेश्वराजवळ उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेस वळते. तेथून ती पाटणवरून कराडला जाऊन प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरणातले बरेचसे पाणी मात्र बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन वीज तयार करतात आणि ते कोकणात उतरते. एका नदीचे पाणी असे दोन दिशांना जाते. आमचा रस्ता पूर्ववाहिनी नदीच्या सोबतीचा आहे. आज त्याला गुहागर–विजापूर राष्ट्रीय महामार्ग म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून चिपळूणचाच रस्ता आहे. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून आलेले मीठ, नारळ, सुपारी याच खोऱ्यातून देशावर जात असे आणि देशावरचा गूळ, धान्य, मिरची याच वाटेने कोकणात उतरत असे. पाटणच्या माथ्यावरचा दातेगड आणि मोरगिरीजवळचा गुणवंतगड हे या खोऱ्याचे जणू दोन पहारेकरी. जेथे माल चालतो तेथे पहारा लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आमचे घराणेही या रस्त्यानेच वर आले. 1954 च्या सुमारास कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले, तेव्हा आजोबा कराडच्या पेठेतून येथे आले आणि कामगार वसाहतीजवळ किराणा-भुसाराचे दुकान थाटले. धरण वाढत गेले तशी वसाहत वाढली. वसाहतीबरोबर दुकानही वाढले. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्या दुकानाचे पाय होते. काळ्या रंगाची, मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल घेऊन ते रासाटी, हेळवाक, येराडपर्यंत माल पोचवीत आणि परतताना उधारीची वसुली करीत. त्यांच्या सायकलीला गिअर नव्हते. चढ आला की उतरून ती हाताने ढकलायची, एवढीच सोय. मुलीच्या सायकलीला एकवीस गिअर आहेत, हे ऐकले असते तर त्यांनी आधी किंमत विचारली असती.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेला भूकंप आमच्या भागात अजून ‘तो भूकंप’ म्हणूनच ओळखला जातो. सुमारे 180 माणसे गेली. कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला बळकटी देण्यात आली. आमच्या दुकानाची मागची भिंत धान्याच्या पोत्यांवर कोसळली. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून उधारीची लाल वही सापडली. आजोबांनी ती झटकून कापडात गुंडाळली आणि अण्णांना सांगितले, “सायकल काढ. वसुलीला नव्हे. कोण आहे आणि कोण नाही, तेवढे बघून ये.” अण्णा दोन दिवस गावोगाव हिंडले. त्यांनी आणलेल्या नावांप्रमाणे आजोबांनी मृतांच्या खात्यांवर एकेक आडवी रेघ ओढली. जो गेला त्याची बाकी त्याच्या मुलाच्या नावे चढवायची नाही, असा त्यांनी निर्णय केला. जे वाचले होते त्यांच्यापुढे वर्षभर वही उघडली नाही. नंतर पुष्कळांनी आपण होऊन पैसे आणून दिले, काहींनी कधीच दिले नाहीत. तीही खाती त्या वहीत तशीच आहेत.

फेरीच्या आदल्या रात्री मुलीने ती वही पाहिली. तिने पेन्सिलीने बेरीज केली आणि म्हणाली, “बाबा, आजच्या भाषेत ही सगळी बुडीत खाती.” मी होकार दिला. ती पुढे म्हणाली, “पण यातली कितीतरी आडनावे मी आजही आपल्या बिलांवर वाचते.” त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की दुकानापुढे एक प्रश्न उभा होता. प्रकल्पाची कामे संपत गेली तशी वसाहत रिकामी होत गेली. आता पावसाळ्यात ओझर्डे धबधबा पाहायला गर्दी लोटते. ती चहा-भजी घेते, तांदळाचे पोते घेत नाही. एका गृहस्थांनी निवासाची व्यवस्था उभारण्यासाठी आमची जागा चांगल्या किमतीस मागितली होती. नातेवाइकांचे म्हणणे एकच होते: विकून टाका, मुलीच्या लग्नाची तरतूद होईल. मुलीला मात्र दुकान हवे होते. ओस पडत चाललेल्या गावात तिला बांधून ठेवावे, असे मला वाटत नव्हते.

सकाळी निघालो तेव्हा खोऱ्यात धुके होते. हेळवाक मागे पडल्यावर रस्ता नदीबरोबर हळूहळू उतरू लागतो. मध्ये लहान चढ येतात, पण पाय फारसे तक्रार करीत नाहीत. येराडला येडोबाच्या देवळाजवळ थोडे थांबलो. पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. गाव ओलांडून टोळेवाडीच्या रस्त्याला लागले की खरी परीक्षा सुरू होते. येथे वळणे जवळजवळ आहेत आणि एक वळण संपले तरी चढ संपत नाही. मुलगी हलका गिअर टाकून एका लयीत पुढे गेली. मी दोनदा उतरलो. पठारावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या की गड जवळ आला, असे समजावे.

सायकली खाली ठेवून पायी वर जावे लागते. दातेगडाचे दुसरे नाव सुंदरगड. त्याचा माथा लहान आहे आणि वाडे-महालांचे मोठे अवशेष तेथे नाहीत. येथे पाहण्यासारखे जे आहे ते कातळात कोरलेले आहे. प्रवेशाच्या वाटेवर गणपती आणि मारुती यांच्या मोठ्या मूर्ती खडकातच घडविलेल्या आहेत. आणि माथ्यावर ती प्रसिद्ध विहीर: लांबट, अरुंद, तलवारीच्या आकाराची. अखंड काळ्या खडकात ती खोल खोदत नेली आहे आणि तळाशी जायला त्याच खडकात पायऱ्या कोरल्या आहेत. उतरताना दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत जातात, वरचे आकाश पट्टीएवढे उरते आणि हवा गार होते. आत महादेवाचे स्थान आहे. छिन्नी-हातोड्याने हा खडक फोडणाऱ्यांनी एवढ्या उंचीवर प्रथम पाण्याची तजवीज केली, हे पाहून व्यवहारी माणसाला त्यांच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. तट लढाईच्या दिवशी उपयोगी पडतो. पाणी रोज लागते.

वर येऊन आम्ही सोबतचे उकळून गाळलेले पाणी प्यालो आणि दशम्या खाल्ल्या. खाली पाटणची कौले आणि पत्रे उन्हात चमकत होते. तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, दुकान विकायचे तर विका. पण त्याला माझ्या लग्नाचे नाव देऊ नका. उद्या कोणी विचारले तर ते माझ्या खात्यावर राहील.” मी विचारले, “आणि तुला देऊन ते चालले नाही तर?” ती म्हणाली, “तर दोन वर्षांनी मीच सांगेन की चालत नाही. आकडे दाखवून सांगेन.”

परतीच्या वाटेवर गडाचा उतार झरझर संपला. मग पाटणपासून घरापर्यंतचे ते 20 किलोमीटर आले. सकाळी जो रस्ता सहज उतरत गेला होता, तोच आता नकळत चढत होता. सायकलवाल्याला उतार जमेस धरता येत नाही. तो उसना घेतलेला असतो आणि थकलेल्या पायांनी फेडावा लागतो. अण्णांना हे रोज सोसावे लागत असे, आणि तेही मागे रिकामी पोती व खिशात अर्धीच वसुली घेऊन. तरीही हेळवाकच्या अलीकडे, नदीकाठी, ते रोज पाच मिनिटे थांबत, असे आई सांगत असे. आम्हीही तेथे थांबलो. जागा नेमकी तीच होती का, ते सांगणारे आता कोणी नाही.

ज्यांना ही फेरी करायची असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हा काळ निवडावा. पावसाळ्यात टोळेवाडीचा रस्ता निसरडा होतो आणि उन्हाळ्यात गडावर सावली मिळत नाही. महामार्गावर अवजड वाहने फार, म्हणून डोक्याला हेल्मेट आणि अंगात भडक रंगाचा सदरा असावा. विहिरीच्या पायऱ्यांवर जपून उतरावे. काठावर मुलांचा हात सोडू नये.

दुकानाचे म्हणाल तर त्या गृहस्थांना आम्ही नम्रपणे नकार कळविला. भागीदारीच्या कागदावर 1 एप्रिलपासून मुलीचे नाव लागले आहे आणि मुदत तिनेच घातली आहे: दोन वर्षे. सध्या ती पुण्याहून हिशेब पाहते, महिन्यातून दोनदा येते आणि डोंगरातल्या घरगुती निवासांना महिन्याचे सामान पुरविण्याचे काम तिने सुरू केले आहे. पहिल्या तिमाहीत त्यात फार सुटले नाही. उधारी किती दिवसांची द्यायची यावर आमचा अजून वाद चालतो. ती तीस दिवस म्हणते.