रॉक मशीन ते इंडस क्रीड : माझा जमाखर्च



मागे एकदा मी लिहिले होते, की सूर्यास्ताआधी जेवणे उरकली की संध्याकाळ माझी असते आणि मी गाणी ऐकते. त्यावर एकीने विचारले, "स्तवने ऐकत असशील ना?" स्तवने ऐकतेच. पण पस्तीस वर्षांहून जास्त काळ मी मुंबईच्या एका रॉक बँडचीही चाहती आहे. आज त्यांच्याबद्दल लिहिते.

1984 मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' सुरू झाला. तेव्हा आपल्याकडचे बँड कॉलेजच्या कार्यक्रमांत परदेशी गाणीच वाजवत. ऐकणाऱ्यांनाही तीच हवी असत. या मुलांनी स्वतःची गाणी लिहिली. 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि 1990 साली 'द सेकंड कमिंग' असे दोन अल्बम काढले. मुंबईला शिकणारे माझे धाकटे दीर सुट्टीत घरी आले की कॅसेट आणत. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. सासूबाई देवळात गेल्या, की तांदूळ निवडता निवडता आम्ही दोघे ऐकायचो. निम्मे शब्द कळत नसत, पण धृपद दुसऱ्या वेळेला तोंडात बसायचे.

1993 मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केले आणि 1995 साली त्याच नावाचा अल्बम आला. त्यात तबला होता, आपल्याकडचे सूर होते. भाऊजी नाराज झाले. "रॉक ऐकायचं तर रॉक ऐकावं, तबला ऐकायला इतर लोक आहेत," म्हणाले. मला मात्र पहिल्यांदा वाटले, की ही माणसे आपल्या मुलखातली आहेत. आधीची गाणी त्यांनीच रचलेली असली, तरी बाज परक्याचा होता.

1997 मध्ये बँड मोडला. 2010 मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि 2012 साली 'इव्हॉल्व्ह' काढला. मधे सतरा वर्षे गेली होती. जुन्यांपैकी गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया होते. बेस आणि ड्रमवर रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नवे. गाणी फक्त आठ. पण आता त्यांचा ओढा प्रोग्रेसिव्ह रॉककडे होता. म्हणजे काय, ते माझ्या पुतण्याने समजावले. साध्या गाण्यात कडवे, धृपद, कडवे असे चालते. इथे गाणे एका अंगाने सुरू होते आणि भलत्याच अंगाने निघते. या प्रकारात ताल मोडून सात किंवा पाच मात्रांवरही जातात. आपल्याला रूपक माहीत असतो, म्हणून सात मात्रांचे नवल नाही. फक्त गिटारच्या गदारोळात त्या मोजाव्या लागतात.

मी बी.कॉम. झालेली, म्हणून जमाखर्च मांडते. खर्चाच्या बाजूला : धृपद गेले. 'इव्हॉल्व्ह'मधले एकही गाणे मी पोळ्या लाटताना गुणगुणू शकत नाही. बसून, हातातले काम ठेवून ऐकावे लागते. बाईमाणसाला हा खर्च मोठा आहे. जमेच्या बाजूला : 'फायरफ्लाइज' मी कितीदा ऐकले असेल, तरी दर वेळी एखादे वाद्य नव्याने ऐकू येते. पहिल्या अल्बममध्ये तरुणांची घाई होती. इथे थांबणे आहे. माझ्या हिशेबाने जमा जास्त भरते.

चाहत्यांची नाराजी जगभर सारखीच. स्वीडनच्या 'ओपेथ'ची गोष्ट पुतण्यानेच सांगितली. प्रोग्रेसिव्ह मेटलमधले हे मोठे नाव. गायकाचा घोगरा, गुरगुरणारा आवाज ही त्यांची ओळख. 2011 च्या 'हेरिटेज'मध्ये त्यांनी तो सोडला, तेव्हा जुने चाहते रुसले. 2024 च्या अल्बममध्ये तो आवाज परत आला, तेव्हा तेच लोक आनंदले. मधली तेरा वर्षे त्यांनी काय ऐकले कोण जाणे!

भाऊजी अजून 'टॉप ऑफ द रॉक'च लावतात. त्यांचे चूक नाही. त्या गाण्यात त्यांचे होस्टेल आहे, बाविसावे वर्ष आहे. पण ते वर्ष सांभाळायचे काम बँडचे कसे? आपण प्रवचनात ऐकतो, पर्याय बदलतात, द्रव्य राहते. ऐकताना सगळ्यांना पटते. पण सुनेने आमटीत गूळ कमी घातला, की "आपल्या घरची चव राहिली नाही" असे आपणच म्हणतो. स्वतः मात्र आपण साठीला पोचतो आणि कुणी "तू पूर्वीसारखी राहिली नाहीस" म्हटले, की वाईट वाटून घेतो. पूर्वीसारखी राहून करायचे काय होते?

म्हणून मला ही मंडळी आवडतात. जुनीच गाणी वाजवून त्यांना टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी सतरा वर्षांनी नवे काढले, तेही अवघड.

एखाद्या संध्याकाळी 1988 चे एक गाणे ऐका आणि लगेच 2012 चे एक. काम बाजूला ठेवून, शांत बसून. मग तुम्हाला कोणते आवडले ते मला कळवा. जुने म्हणालात तरी चालेल, भाऊजींना तेवढाच आधार होईल.