डोंगरच्या काळ्या मैनेचं सरबत

मुलांनो, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पोलादपूरहून महाबळेश्वरला फाटा फुटतो. याच पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत, कुडपण गाव आहे. रायगड, रत्नागिरी आणि सातारा हे तिन्ही जिल्हे इथे एकमेकांना खेटून आहेत. पावसाळ्यात लोक धबधबे आणि ‘भीमाची काठी’ नावाचा सुळका बघायला येतात. पण मी म्हणेन, मे महिन्यात जा. का? अरे, करवंदांसाठी!

तेव्हा डोंगरउतारांवरच्या जाळ्या काळ्याभोर होतात. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी! सरबताला कोंबडे जास्त असले की रंग झकास येतो.

आता कृती बघा. वाटीभर पिकलेली करवंदं देठ काढून धुवा. फार चीक असेल तर थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवा. मग अर्धी वाटी पाणी घालून हातानंच कुस्करा आणि फडक्यातून गाळा. रसात त्याच्या दुप्पट साखर घाला आणि स्टीलच्या भांड्यात एक उकळी आणा. (इथे आईला हाक मारा.) पितळेचं भांडं नको हं, आंबट रसानं ते कळकतं. गार झालं की कोरड्या बाटलीत भरा. एवढी साखर कशाला? जंतूंना वाढायला पाणी लागतं आणि दाट पाक ते त्यांना मिळूच देत नाही. पितेवेळी एक भाग पाकाला चार भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड.

चार भाग पाणी! लिहायला सोपं आहे. पोलादपूरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात डोंगरातल्या कितीतरी वाड्यांत बायका हंडे घेऊन लांब जातात. उतार तीव्र, खाली काळा कातळ; पाणी मुरायच्या आत समुद्राची वाट धरतं. म्हणून अशा घरी कुणी सरबताचा पेला पुढे केला, तर तो अर्धा टाकून उठायचं नाही. आणि करवंदं धुतलेलं साधं पाणी दारच्या झाडाला घाला.

गाळून उरलेल्या बिया फेकू नका. आधी कुस्करायला सांगितलं ते यासाठीच. बिया उकळल्या तर मरतात. वाळल्यावरही त्या नीट उगवत नाहीत, तेव्हा हंगामाच्या शेवटच्या करवंदांच्या ताज्या बिया पहिल्या पावसात कुंपणाकडेला पेरा. काटेरी जाळी दाट झाली की गुरं आत शिरत नाहीत.