आंबोलीच्या रानांतील छत्र्या

गेल्या श्रावणांत आंबोलीस जाण्याचा योग आला. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारें ६९० मीटर उंचीवर वसलेल्या या गांवीं वर्षाकाठीं सुमारें ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. निघतांना आमच्या वृद्ध काकूंनीं माझ्या पुतण्यास बजावलें होतें, "अरे, अळंबी घरांत आणूं नकोस, पण कशी असते तें मात्र मला दाखव." धर्मशास्त्रानें कवक अभक्ष्य मानल्यामुळें आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा तें कधीं ओलांडूं शकलें नाहीं. शिवाय कांहीं जातींचें विष शिजवूनहि जात नाहीं. तेव्हां काकूंची आज्ञा शहाणपणाचीच होती.

हिरण्यकेशीच्या उगमाकडे जाणाऱ्या वाटेवर सकाळीं आम्ही दोघेच होतों. पायांशीं जळवा, डोक्यावर ठिबकणारीं पानें, आणि धुक्यांत बुडालेलें निःशब्द रान! एका कुजलेल्या ओंडक्यावर चिमुकल्या पांढऱ्या छत्र्यांची रांग दिसली. पुतण्यानें चिखलांत आडवें होऊन मोबाईलचा कॅमेरा जमिनीलगत धरला. मी त्याच्यावर छत्री धरून उभा राहिलों. छत्र्या पाहण्यासाठीं छत्री!

पुढें एका वारुळाच्या कडेला राखी रंगाचीं भूछत्रें उगवलीं होतीं. वारुळाच्या पोटांत वाळवी चावलेल्या पाल्यालाकडाचे थर रचते व त्यांवर हें कवक जोपासते. आपणांस दिसतें तें केवळ त्याचें फळ. खरा देह जमिनीखालीं सूक्ष्म तंतूंच्या रूपानें पसरलेला असतो. हरितद्रव्य नसल्यामुळें कवकें स्वतःचें अन्न तयार करीत नाहींत. त्यांपैकीं अनेक मृत लांकूड कुजवून त्याची पुन्हां माती करतात. वनस्पतींहून निराळी अशी त्यांची स्वतंत्र सृष्टि १९६९ सालीं व्हिटेकर या शास्त्रज्ञानें मांडली.

"काका, एक उपटूं का? खालची बाजू आजीला दाखवितां येईल," पुतण्या म्हणाला. मोह मलाहि झाला. परंतु बीजाणू झडतात ते त्याच बाजूनें. अखेर त्यानें मोबाईल उताणा करून हळूच छत्रीखालीं सरकविला. पोथीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे चित्रांत स्वच्छ उमटले.

घरीं आल्यावर काकूंनीं चष्मा पुसून तें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें. "आमच्या परसांत दर पावसाळ्यांत उगवत," त्या म्हणाल्या, "पण विटाळ नको म्हणून वाकून कधीं पाहिलें नाहीं रे." मग क्षणभर थांबून त्यांनीं हळूच विचारलें, "आणखी आहेत का?"