मंत्र्याचे बूट

योश्का फिशर १९८५ साली पश्चिम जर्मनीच्या हेसन राज्यात पर्यावरणमंत्री झाले. हिरव्यांचा हा पहिलाच मंत्री. शपथेला आला तो खेळाचे पांढरे बूट घालून! फोटो पाहून आमची ही म्हणाली, "या अवतारात तुम्हांला मी बारशालाही नेलं नसतं."

१९९८ साली स्वारी परराष्ट्रमंत्री झाली. अंगात सूट आला. त्या सरकारने अणुवीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला, हे खरेच. पण शांततेचा घोष करणाऱ्या याच पक्षाने १९९९ साली कोसोव्होच्या युद्धाला मान डोलावली. भर अधिवेशनात फिशरांच्या कानावर लाल रंगाची पिशवी बसली.

मोर्च्यांतली माझी झोळी बढती मिळताच माळ्यावर गेली होती. परवा दिवाळीच्या झाडलोटीत सापडली.

"टाकू का?" हिने विचारले.

मी ऐकलेच नाही असे दाखवले.